पोतनिसांच्या खिशातले सात तुकडे

मधुकर पोतनीस भित्रा होता असं म्हटलं तर त्याच्यावर थोडा अन्यायच होईल. भित्र्या माणसाची एखादी ठरलेली भीती असते. कुणाला पालीची, कुणाला पाण्याची, कुणाला सासऱ्याची. मधुकरचं तसं नव्हतं. तो सगळ्यांना सारखाच भ्यायचा. तार आली की ती अभिनंदनाची असली तरी तो ती आधी बायकोला उघडायला द्यायचा. वरचे साहेब रागावले तर तो घाबरायचा, आणि हसून बोलले तर दोन दिवस त्याला जेवण जायचं नाही. बँकेत सही करताना आपली सही मागच्या वेळेसारखी आली नाही तर काय, या विचारानं त्याचा हात कापायचा, आणि मग ती खरोखरच मागच्या वेळेसारखी यायची नाही.

बंगळुरात येऊन त्याला आठ वर्षं झाली होती. एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तो नकाशे काढी. कारखान्यात काय तयार होतं ते बाहेर बोलायला बंदी होती. ही बंदी मधुकरनं इतकी मनापासून पाळली की आपला नवरा विमानाचे भाग काढतो की दुधाच्या बाटल्यांची झाकणं, हे त्याच्या बायकोला, वसुमतीला, एकोणीसशे एकोणसाठ साल उजाडलं तरी कळलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आठ वर्षं तो एकाच खिटीचे नकाशे काढत होता, आणि ती खिटी पुढं कशाला लावतात हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच धाडस होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तो कॅन्टोन्मेंटातल्या एका लिलावघरात जायचा. तिथं विलायतेला किंवा ऑस्ट्रेलियाला निघालेली अँग्लो-इंडियन कुटुंबं पियानो, काचसामान, हरणाची शिंगं असलं काय काय विकायला ठेवत. मधुकर पियानोकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्याचे डोळे चपट्या लाकडी पेट्या शोधत. त्या पेट्यांत तुकड्यांची चित्रं असत. मोठ्या चित्रकाराचं एखादं चित्र पातळ लाकडावर चिकटवायचं, बारीक करवतीनं हातानं कापून त्याचे तीनशे तुकडे करायचे, आणि ज्यानं विकत घेतलं त्यानं बसून ते पुन्हा जुळवायचे, असा तो प्रकार. वसुमतीला हा खेळ पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा तिनं विचारलं होतं, "मुळात अख्खं होतं ना? मग कापलं कुणी? त्याला धरा की."

मधुकरच्या संग्रहात तोवर तीन पेट्या जमल्या होत्या. एक जहाज, एक पवनचक्की आणि नदीवर पाणी पिणाऱ्या गायी. या जुन्या पेट्यांची खासियत अशी की झाकणावर चित्र नसायचं. नमुना द्यायचा नाही, हा त्या लोकांचा शिरस्ता. लावत जायचं, आणि आपण काय लावलं ते शेवटी कळायचं. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत असली गोष्ट ऐकून मधुकर पळून गेला असता. पण तीन वेळा जहाज, पवनचक्की आणि गायीच निघाल्यामुळे तो गाफील राहिला.

चौथी पेटी त्यानं नवरात्राच्या तोंडावर घेतली. लिलावघरातल्या कारकुनानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, "फ्रेंच, सर," असं म्हणाला, आणि त्यानं एक डोळा मिचकावला. त्या माणसाचा डोळा कदाचित तसाच लवत असेल, असं मधुकरला पुढं अनेकदा वाटलं. पण त्या क्षणी मात्र डोळा मिचकावला गेला होता, आणि तो मधुकरच्या मनात घर करून बसला.

पोतनीस मंडळी मल्लेश्वरमला एका वठारात राहत. मधे सामाईक अंगण आणि भोवती सहा बिऱ्हाडं. पहिल्या घरात मालकीण गंगव्वा. बाई मूळची बेळगावकडची, सत्तरीची, आणि आपल्या भाडेकरूंच्या घरात शिरताना दार वाजवायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. तिसऱ्या घरात भीमाचार्य. ते रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीचे दस्तऐवज वाचल्यामुळे कुठल्याही विषयावर मत देण्याचा हक्क आपल्याला आहे, अशी त्यांची समजूत होती. चौथ्यात पोतनीस. दोन खोल्या, मधुकर, वसुमती आणि मधुकरची धाकटी बहीण नीरजा.

बाहेरच्या खोलीत दोन ट्रंका शेजारी शेजारी ठेवून मधुकरनं त्यांवर आपली जुनी ड्रॉइंगची फळी टाकली आणि तुकडे ओतले. हे जुने तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते शेजारी बसतात. जोरात शिंकलं तरी चित्र सरकतं. त्यामुळे पोतनिसांकडे शिंक आली की अंगणात जायचं असा नियम होता, आणि सर्दीच्या दिवसांत सगळं घर अंगणातच असायचं.

"पोतनीस, आधी चतुःसीमा," भीमाचार्य दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून म्हणाले. "पूर्वेस काय, पश्चिमेस काय, ते ठरवा. मधलं मग आपोआप निघतं. सीमा नक्की नसताना मधे हात घातला की दावे लागतात."

मधुकरनं कडा लावल्या. मग निळं कापड लागायला लागलं. घोळदार, गडद निळं, डोक्यावरून खाली आलेलं. मग एक चेहरा आला. खाली पाहणारी तरुण बाई. इतका शांत चेहरा मधुकरनं आजवर पाहिला नव्हता, आणि दोन मिनिटं तो सगळी भीती विसरून त्याच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात मागून गंगव्वा आली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिली. "यल्लम्मा न्हाय ही," ती म्हणाली. "यल्लम्माचं डोळं असं नसत्यात. पर देवी हाय की, अण्णा. पदर बघ तिचा." असं म्हणून ती घरी गेली आणि कोयरी घेऊन परत आली. मधुकर "अहो, अहो" म्हणेपर्यंत लिलावातल्या त्या शंभर वर्षांपूर्वीच्या कपाळावर हळद आणि कुंकू लागलं होतं. मधुकर कासावीस झाला. पण घरमालकिणीला देवीच्या बाबतीत अडवणं म्हणजे एका वेळी दोघींना अडवण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. गंगव्वानं सकाळीच येऊन फळीपुढं समई ठेवली आणि सांगितलं, "आता घट बसल्यात. दसऱ्यापत्तुर हिला हलवायचं न्हाय. सरी?" म्हणजे कळलं ना.

वठारातल्या कानडी घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. संध्याकाळी बायका एकमेकींच्या बाहुल्या बघायला जातात, गाणी म्हणतात, उसळ खातात. त्या वर्षी या फेरीत पोतनिसांची फळीही आली. रोज संध्याकाळी सात-आठ बायका यायच्या, फुलं वाहायच्या आणि जाता जाता एकदोन तुकडे बसवून जायच्या. आठ दिवसांचं काम तीन दिवसांत संपत आलं. मधुकरला आपल्याच चित्रापाशी बसायला जागा मिळेना.

आणि त्याच आठवड्यात बेळगावहून पत्र आलं.

हे पत्र कस्तुराबाईंचं होतं. त्यांचा मुलगा रत्नाकर बंगळुरातच एका संशोधन संस्थेत होता. नीरजा आणि तो मराठी मंडळाच्या वाचनालयात दोनतीनदा भेटले होते. बोलणं पुस्तकांपलीकडे गेलेलं नव्हतं. पण नीरजाचा चेहरा पाहून वसुमतीला समजायचं ते समजलं होतं. नीरजाला आधी तीन ठिकाणांहून नकार आले होते. प्रत्येक नकारानंतर ती दोन दिवस जास्त काम करायची आणि तिसऱ्या दिवशी हसायला लागायची. या वेळी मात्र तिनं स्वतः होऊन मधुकरला सांगितलं होतं, "दादा, हे जमलं तर बरं होईल." वडील गेल्यापासून तिनं मधुकरकडे काही मागितलेलं हे पहिलंच. ते ऐकल्यापासून मधुकरच्या बाकी सगळ्या भीत्या एका बाजूला झाल्या आणि ही एकच त्यांच्या पुढं येऊन बसली.

पत्रात लिहिलं होतं, "रविवारी चार वाजता येते. मुलगी पाहिलेली आहे असे चिरंजीव म्हणतात, तेव्हा मी फक्त घर पाहीन."

"बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या," भीमाचार्यांनी बातमी काढून आणली. त्यांचे एक चुलतभाऊ बेळगावला असत. "करड्या आहेत. घर पाहीन म्हणजे खरोखरच पाहतील. रॉकेलच्या डब्याचं झाकणसुद्धा."

मधुकर त्या संध्याकाळी फळीकडे गेला आणि उरलेल्या तुकड्यांकडे त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं. निळे संपले होते. मागचे डोंगर, झाडं, आकाश संपलं होतं. बाईचे दोन हात लागले होते, आणि ते हात पुढं कशालातरी धरून होते. उरलेल्या ढिगात अंगाच्या रंगाचे तुकडे होते. फिकट, गुलाबी, गोलसर. त्यातला एक त्यानं उचलला. गोल, भरीव, आणि मधोमध एक बारीकसा गुलाबी ठिपका. मधुकरनं तो झटकन पालथा घातला. लिलावघरातल्या कारकुनाचा डोळा त्याला लख्ख आठवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सार्वजनिक वाचनालयात जाऊन युरोपातल्या चित्रकलेवरचं पुस्तक मागून बसला. वीस चित्रं पाहिली. त्यांतल्या अकरांत बायका होत्या, आणि त्या अकरांमध्ये मिळून एक लुगडं होईल इतकं कापड नव्हतं. मधुकरनं पुस्तक मिटून मागं पाहिलं तर ग्रंथपाल उभे. "आणखी खंड आहेत," ते म्हणाले. मधुकर तिथून निघाला तो थेट ऑफिसात येऊनच थांबला.

आता सगळा उलगडा झाला होता. चेहरा शांत होता खरा, डोक्यावर पदरही होता, पण हात जे धरून होते ते घसरतं कापड असणार. उरलेले तुकडे लागले की गंगव्वाची देवी, जिच्यापुढं रोज समई लागते आणि सात-आठ बायका आरती म्हणतात, ती रविवारी चार वाजता कस्तुराबाईंसमोर कशी दिसेल याची कल्पना करून मधुकर बसल्या जागी घामानं भिजला. चित्र मोडायची सोय नव्हती, कारण घट बसले होते. झाकायची सोय नव्हती, कारण देवीवर चादर घालणाऱ्याला गंगव्वानं वठारात ठेवलं नसतं. एकच उपाय उरला. त्या संध्याकाळी बायका यायच्या आधी त्यानं अंगाच्या रंगाचे सात तुकडे पालथे करून मोजले, जुळवून काय होतं ते न बघता उचलले, आणि शर्टाच्या खिशात टाकले.

संध्याकाळी चित्र संपलं आणि मधे भोक राहिलं. बायका हळहळल्या. "इथं वीणा असणार," भीमाचार्य म्हणाले. "हातांची ठेवण बघा." गंगव्वाच्या मते परडी होती. मग शोध सुरू झाला. ट्रंकांखाली, सतरंजीखाली, तांदळाच्या डब्यात. गंगव्वाचं मोलकरणीला खोदून विचारून झालं, उंदराच्या बिळात काठी घालून झाली, आणि तुकडे सापडले तर मंगळवारी नारळ फोडीन असं बोलून झालं. मधुकरही सगळ्यांबरोबर वाकून वाकून शोधत होता आणि वाकताना खिशावर हात दाबून धरत होता.

"अहो, छातीत दुखतंय का?" वसुमतीनं विचारलं.

"नाही," मधुकर म्हणाला. त्याचा आवाज दुखत असल्यासारखाच आला.

घरात लपवायला जागा राहिली नाही तेव्हा शुक्रवारी त्यानं ते सात तुकडे कागदात बांधून जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात ठेवले आणि कामावर नेले. आत जाताना डबा कुणी पाहत नाही. बाहेर पडताना पाहतात. फाटकावरचा हवालदार देवाप्पा हा निपाणीकडचा, मधुकरशी रोज दोन शब्द मराठीत बोलणारा. आठ वर्षांत त्यानं मधुकरचा डबा कधी उघडला नव्हता. पण त्या दिवशी सुटताना मधुकरनं डबा इतका घट्ट छातीशी धरला होता की देवाप्पाचाही नाइलाज झाला.

"साहेब, स्वल्प उघडा की," तो म्हणाला. मग पुडी सोडून म्हणाला, "हे काय हो?"

"खासगी," मधुकर म्हणाला.

हा शब्द त्या फाटकावर कुणी कधी वापरला नव्हता. देवाप्पा त्याला सुरक्षा अधिकाऱ्यांकडे घेऊन गेला. हे लष्करातून आलेले गृहस्थ होते. त्यांनी सात तुकडे पुडीतून पडले तसे पालथेच टेबलावर ठेवले, चष्मा लावला आणि एकाला एक जोडायला सुरुवात केली.

"साहेब, जोडू नका," मधुकर ओरडला.

"का?"

"जोडले तर अनर्थ होईल. पंधरा माणसांसमोर होईल. रविवारी चार वाजता."

अधिकाऱ्यांनी दोन्ही हात टेबलावरून अलगद मागं घेतले आणि देवाप्पाला वाळूची बादली आणायला सांगितलं. तुकडे लाकडाचे आहेत आणि आपोआप काही करत नाहीत हे पटवायला मधुकरला पाऊण तास लागला. ते कशाचे आहेत हे मात्र त्यानं अखेरपर्यंत सांगितलं नाही. नोकरी गेली तरी चालेल, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आणि तसं वाटल्यामुळे तो आणखी घाबरला.

तुकडे लाखेनं मोहोरबंद केलेल्या पाकिटात गेले. शनिवारी सकाळी ते परत मागायला गेल्यावर मधुकरला नियम कळला. वस्तू बाहेर न्यायची तर ती आत आणल्याची नोंद हवी. नोंद नसेल तर वस्तू कारखान्याची. ती कारखान्याची नाही असा दाखला भांडार देऊ शकतं. भांडारातले कारकून फार सज्जन होते. ते म्हणाले, "देतो की. पण हे आमच्या यादीत नाही असं लिहायचं तर यादीत आहे की नाही बघायला लागेल, आणि यादीत याचं नावच नाही तर बघणार कुठे? आधी चढवू." त्यांनी 'लाकडी भाग, नग सात' असं यादीत चढवलं. आता ते तुकडे खरोखरच सरकारचे झाले. मग एकच मार्ग राहिला. दुपारी दोन वाजता तीन सह्या होऊन ते निरुपयोगी भंगार ठरले, आणि भंगार बाहेर नेण्याच्या परवान्यावर मधुकर ते घेऊन बाहेर पडला. देवाप्पानं परवाना वाचला, पाकीट परत दिलं आणि रोजचे दोन शब्द न बोलता नुसता नमस्कार केला. हा नमस्कार मधुकरला फार लागला.

बरं, हे सगळं करायची गरज काय होती? तुकडे सोडून द्यायचे. पण मधुकर घाबरट असला तरी संग्राहक होता. जुन्या पेटीतला एक तुकडा गेला की पेटी मेली, हे त्याला माहीत होतं. आणि त्या शांत चेहऱ्याच्या बाईला कायमचं अर्धं ठेवायला त्याचं मन धजावत नव्हतं. दसरा झाला, पाहुणे गेले, की दार लावून एकदा पुरं करायचं आणि पेटीत बंद करून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

रविवारी चार वाजता कस्तुराबाई आल्या. बरोबर रत्नाकर. उंच, गप्प, आणि बसायला सांगितल्यावर कुठं बसावं हे न कळणारा. मधुकरला तो लगेच आवडला. बाई पांढऱ्या पातळात, पाठ ताठ, हातात छत्री. गंगव्वा आणि भीमाचार्य घरचेच असल्यासारखे आधीपासून येऊन बसले होते. खोलीत खुर्च्या तीन. त्यांतली चांगली खुर्ची बरोबर फळीसमोर होती, आणि कस्तुराबाई तिच्यावर बसल्या.

तेव्हा मधुकरच्या लक्षात आलं की आपलं काय चुकलं. आठवडाभर त्यानं चित्र एकटं कधी पाहिलंच नव्हतं. निळा पदर, डोंगर, आकाश, चेहरा, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि बरोबर मधे, गळ्याखालून गुडघ्यांपर्यंत, फळीचं उघडं लाकूड. खोलीत जो येईल त्याची नजर दुसरीकडे कुठं जाणारच नव्हती. झाकण्यासाठी त्यानं जे केलं होतं, त्यानं तेवढंच उठून दिसत होतं. कस्तुराबाई तिथंच बघत होत्या.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"देवी हाय, अक्का," गंगव्वा म्हणाली.

"छंद आहे यांचा," वसुमती म्हणाली. "जुनी चित्रं जुळवतात."

"आणि मधलं?"

"हरवलं," भीमाचार्य म्हणाले. "सात तुकडे. सगळं वठार शोधलं."

"हरवलं," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी एकदा मधुकरकडे पाहिलं, एकदा वसुमतीकडे. नीरजा पोह्यांच्या बश्या घेऊन आली होती. बाईंनी आपली बशी घेतली आणि तशीच शेजारच्या स्टुलावर ठेवली. चमचा उचलला नाही. त्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येक बाईला कळला.

"पोतनीस, मी तीस वर्षं शाळा चालवली," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मला घरात श्रीमंती लागत नाही. मी फक्त एवढं बघते की हाती घेतलेलं शेवटपर्यंत जातं की नाही. देवी म्हणून पुढं दिवा लावता आणि तिचं अर्धं अंग हरवता. उद्या माणूस आजारी पडलं, अडचण आली, म्हणजे काय हरवाल?"

रत्नाकर "आई" एवढंच म्हणाला. बाईंनी छत्रीकडे हात नेला.

मधुकरनं नीरजाकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिचा चेहरा नकारानंतरच्या पहिल्या दिवशी असायचा तसा होऊ लागला होता. उद्या ती जास्त काम करील. तिसऱ्या दिवशी मात्र ती हसेल असं या वेळी मधुकरला वाटेना.

"हरवले नाहीत," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि लाखेचं पाकीट बाहेर काढलं. त्यावर 'भंगार' असा जांभळा शिक्का होता. "मी काढून ठेवले होते. आचार्य, तुम्ही जरा अंगणात जाल का? आणि बायकांनी तोंड तिकडे करावं."

"आम्ही का करायचं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

भीमाचार्य तर खुर्चीसकट पुढं सरकले. मधुकरनं पाकीट फोडलं. पहिला तुकडा दोनदा खाली पडला. त्यानं तो, ठिपक्याचा, फळीवर ठेवला आणि डोळे मिटले. त्यानं चाचपडत दुसरा लावला, तिसरा लावला. चौथा बसेना, तेव्हा डोळे उघडावे लागले.

चौथा तुकडा म्हणजे टाच होती. एवढीशी, गोबरी, वर आलेली टाच. ठिपका बेंबीचा होता. पाचव्यात मूठ होती, चार बोटं आणि अंगठा आत दडवलेली. सहाव्यात मांडी. सातवा तुकडा मधुकरनं लावला तेव्हा त्याची नजर धूसर झाली होती. त्यात मान वर करून आईकडे पाहणारा चेहरा होता, अजून दात न आलेला. बाईचे दोन हात जे इतके दिवस रिकामे दिसत होते, त्यांत आता एक उघडं तान्हं मूल होतं, आणि ती खाली बघत होती ती त्याच्याकडे.

मधुकर फळीजवळच खाली बसला. गेले काही दिवस तो या मुलाला घेऊन हिंडला होता. डब्यात, फाटकावर, भंगारात. कुणी त्याला जुळवू नये म्हणून भांडला होता.

"यशोदा," भीमाचार्य म्हणाले.

"काढून का ठेवलं होतंत?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"भीती वाटली," मधुकर म्हणाला.

"कशाची?"

मधुकरची नजर ठिपक्याच्या तुकड्याकडे गेली आणि झटकन परत आली. वसुमती पदरात तोंड लपवून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते, त्यावरून तिला ते केव्हाच कळलेलं असावं. बाईंनी चित्राकडे पाहिलं, मधुकरकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. शाळेत तीस वर्षं काढलेल्या बाईला फार वेळ लागला नाही. त्यांचे ओठ घट्ट मिटले.

"मुली," त्या नीरजाला म्हणाल्या, "तुझा भाऊ नेहमीच असा घाबरतो?"

"हो," नीरजा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण लावले ते त्यानंच. घाबरत घाबरत लावले."

कस्तुराबाईंनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. स्टुलावरची बशी मांडीवर घेतली. "पोहे गार झाले," त्या म्हणाल्या, आणि खायला लागल्या. रत्नाकरनं इतका मोठा श्वास सोडला की आकाशाचे दोन तुकडे जरासे सरकले.

गंगव्वा उठली. फळीजवळ येऊन वाकली. कोयरी आज तिनं आणलेली नव्हती. तिनं आपल्या डोळ्यातलं काजळ करंगळीवर घेतलं आणि त्या मुलाच्या गालावर एक बारीक तीट लावली. असल्या जुन्या चित्रावर काजळाचा डाग म्हणजे पेटीचं वाटोळं. पण मधुकरनं तिला नीट दिसावं म्हणून समई जरा जवळ सरकवली.

कस्तुराबाईंनी घास गिळला. "दुसऱ्याही गालाला लावा," त्या म्हणाल्या. "इतकी माणसं बघतायत."